पेनिसिलिन कुणी शोधलं? एका मार्काच्या प्रश्नाचं लांबलचक उत्तर



गेल्या महिन्यात पिंपरीचे एक आजोबा बीपी तपासायला आले होते. सोबत सहावीतली नात. आजोबांची तपासणी होईपर्यंत ती बाकावर बसून शाळेची वही पूर्ण करत होती. ‘पेनिसिलिनचा शोध कोणी लावला?’ असा एका मार्काचा प्रश्न होता. तिनं ‘अलेक्झांडर फ्लेमिंग’ असं लिहिलं आणि खात्री करायला वही माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, “अगदी बरोबर.”

आजोबा शर्टाची बाही खाली करता करता म्हणाले, “डॉक्टर, मी एच. ए.मध्ये पेनिसिलिनच्या प्लांटवर तीस वर्षं काढली. रात्रपाळीला टाकीचं तापमान जरा चढलं तरी आमची पळापळ व्हायची. शोध एकानं लावला असेल, पण औषध काही एकट्यानं होत नाही हो.”

आजोबा गेले, पण त्यांचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण ते शंभर टक्के खरं आहे. शाळेत आपण सगळ्यांनीच ती गोष्ट ऐकलीय : एक शास्त्रज्ञ, एक बुरशी आलेली बशी, आणि झालं औषध तयार! प्रत्यक्षात बशी ते औषध या प्रवासाला पंधरा-सोळा वर्षं लागली आणि त्यात हजारो माणसांचे हात लागले. त्यात शास्त्रज्ञ होते, तशाच बाटल्या धुणाऱ्या मुली होत्या, वैमानिक होते, आणि बाजारातलं सडकं खरबूज उचलून आणणारी एक बाईही होती. आज ती गोष्ट सांगतो. शेवटी तिच्यात तुमचा आणि माझाही वाटा आहे, तोही सांगतो.

बशीत आलेली बुरशी

सप्टेंबर १९२८. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधले डॉ. अलेक्झांडर फ्लेमिंग सुट्टीवरून परतले. जाण्यापूर्वी त्यांनी काचेच्या बशांमध्ये स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू वाढवायला ठेवले होते. गळू, फोड, जखमेतला पू यामागे बहुतेक वेळा हेच जंतू असतात. एका बशीत बुरशी आली होती. लोणच्याच्या बरणीत किंवा शिळ्या ब्रेडवर येते तशीच. पण या बुरशीच्या आजूबाजूचे जंतू विरघळून गेले होते. ही बुरशी बहुधा खालच्या मजल्यावर काम करणाऱ्या बुरशीतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेतून हवेबरोबर वर आली असावी, असं मानतात.

दुसऱ्या कुणी ती बशी धुऊन टाकली असती. फ्लेमिंग यांनी ती जपली, बुरशी वाढवली, तिच्या रसाला ‘पेनिसिलिन’ नाव दिलं आणि १९२९ मध्ये त्यावर लेख लिहिला. पण त्या रसातला नेमका औषधी भाग वेगळा कसा काढायचा, हे त्यांना जमलं नाही. त्यांच्या दोन तरुण सहकाऱ्यांनी खटपट केली, पण तो पदार्थ फारच नाजूक होता, हाताळता हाताळता निकामी व्हायचा. फ्लेमिंग स्वतः रसायनशास्त्रज्ञ नव्हते. हळूहळू विषय मागे पडला.

मात्र त्यांनी एक मोठं काम केलं. ती बुरशी जिवंत ठेवली आणि मागेल त्याला तिचा नमुना दिला. पुढे ऑक्सफर्डमध्ये काम सुरू झालं तेव्हा ही बुरशी तिथं आधीच येऊन पोहोचलेली होती, ती त्यामुळेच.

याच काळात आणखी एक घटना घडली. १९३० मध्ये शेफील्ड शहरातले डॉ. सेसिल पेन यांनी या बुरशीचा कच्चा रस नवजात बाळांच्या डोळ्यांच्या संसर्गावर वापरला आणि बाळं बरी झाली! पण त्यांनी ते कुठं छापलंच नाही. त्यामुळे जगाच्या दृष्टीनं ते घडलंच नाही. एखादी गोष्ट कळणं आणि ती इतरांपर्यंत पोहोचणं यात किती अंतर असतं, याचं हे उदाहरण मला नेहमी आठवतं.

ऑक्सफर्डची चमू

बशीनंतर जवळजवळ दहा वर्षं अशीच गेली. १९३८ च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये अर्न्स्ट चेन नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ जुने लेख चाळत होते. त्यात त्यांना फ्लेमिंग यांचा लेख सापडला. चेन बर्लिनचे ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला होता. त्यांचे विभागप्रमुख हॉवर्ड फ्लोरी हे ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचे डॉक्टर. आणि तिसरे नॉर्मन हीटली, एक शांत, हातानं कुशल, कशाचंही यंत्र बनवू शकणारे तरुण. हीटली खरं तर कोपनहेगनला जाणार होते. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू झालं म्हणून ऑक्सफर्डमध्येच राहिले.

फ्लोरी यांनी वेगवेगळ्या विद्यांची माणसं एकत्र बसवली. जंतू ओळखणारे, रसायनं वेगळी करणारे, प्राण्यांवर प्रयोग करणारे आणि पुढे वॉर्डात रुग्णांना औषध देणारे डॉक्टर. त्या काळी असं काम फारसं होत नसे. जो तो आपापल्या खोलीत आपापला प्रयोग करायचा.

सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं असं मात्र समजू नका. फ्लोरी आणि चेन यांचे खटके उडायचे. चेन यांच्या हाताखाली काम करायला हीटली तयारच नव्हते. मग फ्लोरी यांनी तोडगा काढला की हीटलींनी थेट आपल्याशीच बोलावं. थोडक्यात, माणसं एकमेकांवर खूश असोत वा नसोत, काम आणि माहिती अडता कामा नये, एवढं त्यांनी पाहिलं.

रस शुद्ध करण्याचा जुना प्रश्न सोडवला तो हीटली यांनी. रस आंबट केला की पेनिसिलिन पाण्यातून ईथरसारख्या द्रवात जातं, हे माहीत होतं. पण तिथून ते परत काढताना खराब व्हायचं. हीटली म्हणाले, मग त्याला किंचित क्षार घातलेल्या पाण्यात परत आणू या. ऐकायला इतकं सोपं! पण याच युक्तीनं पहिल्यांदा वापरता येईल असं पेनिसिलिन हातात आलं.

२५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना जीवघेण्या जंतूंचं इंजेक्शन दिलं. त्यातल्या चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना दिलं नाही. हीटली रात्रभर पिंजऱ्यांपाशी बसून होते. पहाटे पावणेचारपर्यंत औषध न दिलेले चारही उंदीर मेले होते. औषध दिलेले जिवंत होते. दुसऱ्याच दिवशी डंकर्कहून इंग्रज सैन्याची माघार सुरू झाली. जर्मन फौजा इंग्लंडमध्ये उतरतील की काय अशी धास्ती होती. म्हणून या मंडळींनी बुरशीचे सूक्ष्म बीजकण आपल्या कोटांच्या अस्तराला चोळून ठेवले. पळावं लागलंच, प्रयोगशाळा जाळावी लागलीच, तरी कुणा ना कुणाच्या कोटातून बुरशी वाचेल!

बेडपॅन, दुधाचे कॅन आणि सहा मुली

उंदरापेक्षा माणूस साधारण तीन हजार पट जड. म्हणजे औषधही तितकंच जास्त हवं. युद्धामुळे कारखाने दुसऱ्या कामांत गुंतलेले. मग ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेचाच कारखाना झाला.

बुरशी पसरट, उथळ भांड्यात चांगली वाढते. हॉस्पिटलमधले बेडपॅन यासाठी सोयीचे पडतात हे लक्षात आलं. मग त्याच धर्तीवर चिनी मातीची भांडी घडवून घेतली गेली. डिसेंबर १९४० मध्ये हीटली एक व्हॅन मागून आणून स्वतः पहिली भांडी घेऊन आले. गाळण्याचं यंत्र त्यांनी टाकून दिलेलं पुस्तकांचं कपाट, दुधाचे कॅन, बाथटब, दारावरची घंटा असलं सामान जोडून बनवलं. बुरशी पेरायला, वाढवायला आणि रस काढायला सहा तरुण मुली नेमल्या. त्यांना सगळे ‘पेनिसिलिन गर्ल्स’ म्हणायचे. थंडीत कोट, हातमोजे, टोप्या घालून त्या काम करायच्या. त्यांचा हात चुकला आणि दुसरे जंतू शिरले, की सगळी भांडी वाया. पाठ्यपुस्तकात या मुलींचं नाव नसतं. पण पहिल्या रुग्णाला मिळालेलं औषध त्यांच्याच हातून तयार झालं होतं.

तो रुग्ण होता अल्बर्ट अलेक्झांडर, ४३ वर्षांचा पोलीस कॉन्स्टेबल. चेहऱ्यावरच्या जखमेतून संसर्ग पसरला होता. डोक्यावर, डोळ्यात, फुप्फुसात पू. एक डोळा काढावा लागला होता. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याला पेनिसिलिन सुरू केलं. एका दिवसात फरक दिसला. ताप उतरला, तो जेवू लागला. पण औषध संपत चाललं होतं. पेनिसिलिन लघवीतून बाहेर पडतं, म्हणून त्याची लघवी गोळा करून, सायकलवरून प्रयोगशाळेत नेऊन, त्यातलं औषध पुन्हा काढून त्यालाच दिलं गेलं. तरी पाच दिवसांत सगळा साठा संपला. काही दिवस तो तग धरून होता. मग संसर्ग पुन्हा उसळला आणि १५ मार्चला तो गेला.

डॉक्टर म्हणून हा प्रसंग वाचताना आजही गलबलून येतं. औषध लागू पडत होतं. रोगाचं निदान बरोबर होतं. कमी पडलं ते फक्त प्रमाण. पुढे बरेचसे रुग्ण त्यांनी लहान मुलांमधून निवडले, कारण मुलांना औषध कमी लागतं. आणि फ्लोरी यांना कळून चुकलं की एका प्रयोगशाळेच्या आवाक्यातलं हे काम नाही.

माती पाठवा, बुरशी पाठवा

१९४१ च्या उन्हाळ्यात फ्लोरी आणि हीटली अमेरिकेला गेले. इलिनॉय राज्यातल्या पिओरिया गावी शेतीखात्याची मोठी प्रयोगशाळा होती. तिथल्या लोकांना आंबवण्याच्या कामाचा चांगला अनुभव होता. आजूबाजूला मक्याची शेती. मक्यापासून स्टार्च काढताना मका ज्या पाण्यात भिजवतात, ते उरलेलं पाणी कुणाला नको असायचं. पिओरियाचे अँड्र्यू मॉयर यांनी बुरशीला ते पाणी घालून पाहिलं आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढलं. ऑक्सफर्डच्या हुशार मंडळींना हे सुचणं शक्यच नव्हतं, कारण त्यांच्याकडे मका नव्हता.

आता हवी होती अधिक औषध देणारी बुरशी. फ्लेमिंग यांची बुरशी फार कंजूष होती. मग शोध घ्यायचा कुठं? उत्तर होतं, सगळीकडे. अमेरिकी लष्कराच्या विमानवाहतूक विभागाला सांगितलं गेलं की जिथं जिथं विमानं उतरतात, तिथली चिमूटभर माती पाठवा. गावातल्या लोकांनाही बुरशी लागलेल्या वस्तू आणायला सांगितलं. जगभरातून नमुने आले. परदेशांतून आलेल्या मातीत सगळ्यात चांगले नमुने निघाले ते चीनमधल्या चुंगकिंगचे, दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनचे आणि चक्क आपल्या मुंबईचे!

पण पहिला नंबर लागला तो घरच्याच वस्तूचा. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातून एक बुरशी लागलेलं खरबूज आलं. कुणी सांगतं की ते प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मेरी हंट यांनी आणलं, कुणी म्हणतं गावातल्या एका गृहिणीनं. ते काही असो, त्या खरबुजावरच्या सोनेरी बुरशीनं बाकी सगळ्यांना मागे टाकलं. नंतर वेगवेगळ्या संस्थांमध्ये क्ष-किरण आणि अतिनील किरण वापरून तिचे आणखी जोमदार वाण तयार केले गेले. पुढे कारखान्यांत पेनिसिलिन बनलं ते याच खरबुजाच्या वंशातल्या बुरशीपासून.

मोठ्या समूहाला हाक घालून प्रश्न सोडवण्याच्या या पद्धतीला आज ‘क्राउडसोर्सिंग’ म्हणतात. हा शब्द २००६ मध्ये आला. काम मात्र त्याच्या साठ वर्षं आधीच झालं होतं.

(इथं एक डॉक्टरी सूचना : बुरशी लागलेलं खरबूज, ब्रेड, लोणचं म्हणजे औषध नव्हे. बऱ्याच बुरशी विषारी असतात. असं अन्न सरळ टाकून द्या.)

स्पर्धक एका टेबलावर

पुढचा टप्पा कारखान्यांचा. बेडपॅनऐवजी हजारो लिटरच्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची. आतपर्यंत निर्जंतुक हवा सोडायची, ढवळत राहायचं, तापमान सांभाळायचं. इडलीचं पीठ आंबवताना थंडीच्या दिवसांत किती सांभाळावं लागतं हे घरोघरी माहीत आहे. इथं तर एक परका जंतू शिरला की पूर्ण टाकी ओतून द्यावी लागायची. हे गणित सोडवायला डॉक्टर उपयोगाचे नव्हते, केमिकल इंजिनिअर लागले. मार्गारेट हचिन्सन रूसो या महिला इंजिनिअरनं अशा कारखान्याचा आराखडा तयार करण्यात मोठा वाटा उचलला.

एरवी एकमेकांपासून सगळं लपवणाऱ्या औषध कंपन्यांना अमेरिकी सरकारनं युद्धकाळात एकत्र बसवलं आणि माहिती वाटून घ्यायला कायद्यात सवलत दिली. मर्क, स्क्विब, फायझर अशा कंपन्या कामाला लागल्या. मार्च १९४२ मध्ये न्यू हेवनच्या हॉस्पिटलमध्ये ३३ वर्षांच्या अ‍ॅन मिलर गर्भपातानंतरच्या संसर्गानं मरणाच्या दारात होत्या. त्यांना वाचवायला लागलं जेमतेम चमचाभर पेनिसिलिन. पण ते त्या वेळी अमेरिकेत असलेल्या साठ्याच्या निम्मं होतं! अ‍ॅन मिलर बऱ्या झाल्या आणि नव्वदीपर्यंत जगल्या.

त्यानंतरचे आकडे पाहा. अमेरिकेत १९४३ मध्ये २१ अब्ज युनिट पेनिसिलिन बनलं. १९४४ मध्ये १,६६३ अब्ज. १९४५ मध्ये ६,८०० अब्जांहून जास्त. जून १९४४ मध्ये दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं, तेव्हा जखमी सैनिकांसाठी पुरेसा साठा तयार होता. मार्च १९४५ पासून अमेरिकेत ते साध्या औषधाच्या दुकानातही मिळू लागलं. कॉन्स्टेबल अलेक्झांडर जाऊन तेव्हा फक्त चार वर्षं झाली होती.

गर्दी जमली म्हणजे काम होतंच, असं नाही

याच काळात आणखी एक मोठी मोहीम चालू होती. बुरशीशिवाय, थेट रसायनांपासून पेनिसिलिन बनवायचं. ब्रिटन आणि अमेरिकेतले जवळजवळ हजार रसायनशास्त्रज्ञ त्यामागे होते. तरीही युद्ध संपेपर्यंत ते जमलं नाही. रेणूची रचना नेमकी कशी आहे, यावरच त्यांच्यात मतभेद होते. ती कोंडी १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या मदतीनं फोडली. संपूर्ण पेनिसिलिन प्रयोगशाळेत बनवणं तर जॉन शीहान यांना १९५७ मध्ये साधलं. म्हणजे नुसती डोकी वाढवून भागत नाही.

आणि सगळेच काही मोकळ्या मनाचे नव्हते. पिओरियात हीटली यांनी आपल्याला येत होतं ते सगळं शिकवलं. मॉयर यांनी मात्र पुढे माहिती सांगणं बंद केलं, दोघांच्या कामावरचा लेख स्वतःच्या एकट्याच्या नावानं छापला आणि उत्पादनाच्या पद्धतीचे पेटंट घेतले. इकडे ऑक्सफर्डच्या मंडळींनी पेटंट घेतलंच नव्हतं. चेन यांची इच्छा होती, पण औषधाचं पेटंट घेणं अनैतिक आहे, असं सांगून ब्रिटनच्या वरिष्ठ शास्त्रज्ञांनी त्यांना गप्प केलं होतं.

मग समूह नेमका कधी शहाणा ठरतो? २०१० मध्ये ॲनिता वूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६९९ माणसांना दोन ते पाच जणांच्या गटांत बसवून वेगवेगळी कोडी आणि कामं दिली. गटातला सर्वांत हुशार माणूस किती हुशार आहे, यावर गटाचं यश फारसं अवलंबून नव्हतं. एकमेकांच्या मनातलं ओळखणारी माणसं ज्या गटात जास्त, जिथं सगळ्यांना बोलायची संधी मिळते, ते गट पुढे होते. ज्या गटांत स्त्रिया जास्त होत्या तेही सरस ठरले. ऑक्सफर्डची गोष्ट याच्याशी जुळते. तिथं प्रोफेसरांचं ऐकलं जायचं, तसंच यंत्र जोडणाऱ्या हीटलींचंही.

श्रेय कुणाला मिळालं?

ऑगस्ट १९४२ मध्ये फ्लेमिंग यांच्याकडे मेंदूच्या आवरणाचा संसर्ग झालेला एक रुग्ण होता. त्यांनी फ्लोरींकडे पेनिसिलिन मागितलं. फ्लोरी यांनी आपल्याकडचा साठा देऊन टाकला आणि रुग्ण वाचला. वर्तमानपत्रात बातमी आली. लगेच फ्लेमिंग यांच्या वरिष्ठांनी ‘टाइम्स’ला पत्र लिहून सगळं श्रेय फ्लेमिंग यांना द्यावं, असं सुचवलं. फ्लोरी यांना पत्रकारांची मुळातच नावड. त्यांनी भेटायलाच नकार दिला. फ्लेमिंग भेटत राहिले. त्यामुळे लोकांच्या मनात ठसली ती बशीची गोष्ट, आणि तीच तुमच्या-माझ्या पाठ्यपुस्तकात आली.

१९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळालं. तिघांपेक्षा जास्त जणांना ते दिलं जात नाही. हीटली राहून गेले. १९९० मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठानं त्यांना वैद्यकशास्त्रातली मानद डॉक्टरेट दिली. डॉक्टर नसलेल्या माणसाला हा मान मिळण्याची त्या विद्यापीठाच्या आठशे वर्षांतली ती पहिलीच वेळ.

आणि पिंपरी

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे हे औषध बाहेरून मागवावं लागायचं. मग जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली. हीच आजोबांची ‘एच. ए.’. ज्या ज्ञानाची सुरुवात बेडपॅनसारख्या भांड्यांत झाली, ते पुण्याजवळच्या टाक्यांपर्यंत पोहोचलं. माझ्या समोर बसलेल्या या आजोबांनी रात्रपाळ्या करून बनवलेल्या इंजेक्शननं कुणाच्या तरी बाळाचा न्यूमोनिया बरा झाला असणार. एकमेकांना कधी न भेटलेली ही माणसं.

आजही ऱ्हुमॅटिक तापानं हृदयाची झडप खराब होऊ नये म्हणून आपण रुग्णांना ठरावीक आठवड्यांनी पेनिसिलिनचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन देतो. गरोदरपणातल्या सिफिलिसवर आजही तेच पहिलं औषध आहे.

आता आपला वाटा

नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक इशारा दिला होता. एक काल्पनिक माणूस घसा दुखतो म्हणून मनानंच पेनिसिलिन घेतो. कमी प्रमाणात घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो आणि औषध चालत नाही. चूक एकाची, जीव दुसऱ्याचा. हे १९४५ मध्ये सांगितलेलं आहे!

हे कसं होतं? शरीरात करोडो जंतू असतात. त्यात एखाद-दुसरा औषधाला दाद न देणारा असतो. औषधानं बाकीचे मेले की त्याला रान मोकळं मिळतं. शिवाय जंतू आपली ही युक्ती एकमेकांना देऊ शकतात, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. माहिती वाटून घेण्यात तेही काही कमी नाहीत. एका मोठ्या जागतिक अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२.७ लाख लोकांचा मृत्यू झाला. कॉन्स्टेबल अलेक्झांडर औषध संपलं म्हणून गेला. या लोकांपैकी बऱ्याच जणांना औषध मिळालं होतं, पण ते चाललं नाही.

म्हणून माझ्या सगळ्या रुग्णांना या काही विनंत्या :

• साधी सर्दी आणि फ्लू विषाणूंमुळे होतात. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. “डॉक्टर, जरा स्ट्राँग काहीतरी द्या” असा आग्रह धरू नका. मी दिलं नाही, तर समजा की गरज नाही.

• डॉक्टरांनी सांगितलेला डोस, सांगितलेल्या वेळा आणि सांगितलेले दिवस पाळा. बरं वाटतंय म्हणून मनानं बंद करू नका, आणि मनानं वाढवूही नका. त्रास झाला तर फोन करून विचारा.

• मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. शेजाऱ्यांना, कामवाल्या मावशींना, गावाकडच्या नातेवाइकांना देऊ नका.

• गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवा.

• पूर्वी पेनिसिलिननं पुरळ, सूज किंवा धाप लागली असेल तर प्रत्येक डॉक्टरला ते आधी सांगा.

• हात धुणं आणि वेळेवर लसीकरण यामुळे मुळात संसर्गच कमी होतात. मग औषधाची वेळच येत नाही.

पेनिसिलिन जन्माला आलं ते हजारो अनोळखी माणसांनी आपापलं छोटं काम नीट केलं म्हणून. ते आणि त्याच्यासारखी बाकीची औषधं आपल्या नातवंडांपर्यंत चालत राहायची असतील, तर तेही अशाच अनेकांच्या हातात आहे. गोळी वेळेवर घेणं हे त्यातलं तुमचं काम. विनाकारण न लिहिणं हे माझं.

आजोबांची नात पुढच्या वेळी येईल तेव्हा मी तिला सांगणार आहे, की परीक्षेत ‘फ्लेमिंग’ असंच लिही, नाहीतर मार्क जाईल. पण वहीच्या मागच्या पानावर हीटली, सहा मुली, मेरी हंट आणि शेवटी तुझ्या आजोबांचं नाव लिहून ठेव.

काळजी घ्या, आणि काही शंका असतील तर पुढच्या भेटीत नक्की विचारा.